तापलेलं पठार

घाईघाईत दार ढकलून तो आत शिरला, अडखळला, आणि आधाराला हात टेकला तो थेट ओल्या प्लास्टरवर.

"अहो! बसवलात की माझा डोंगर!" ती ओरडली.

त्या काळी पडद्यावर ढग पळवणारी यंत्रं नव्हती. हवामान कार्यालयात वाऱ्यांच्या प्रयोगांसाठी डोंगर प्लास्टरचे करत, आणि ते करायची ती. कोपरापर्यंत पांढरे हात, केसांत भुकटी. तो वरच्या मजल्यावरचा नवा संशोधक. पाऊस कुठून येतो, एवढंच त्याच्या डोक्यात. तिनं आठवडाभरात त्याचं नाव 'ढगोबा' ठेवून टाकलं.

ढगोबाला एकच ध्यास होता – दूरच्या उंच पठारावरच्या वेधशाळेत जायचं. मोठे साहेब म्हणाले होते, "समुद्रावरचे वारे त्या पठाराकडे कसे वळतात, ते काचेच्या पेटीत करून दाखव. जमलं तर पाठवतो तीन-चार वर्षं. नाहीतर इथंच फायली उपस."

पेटीच्या एका टोकाला गार पाण्याचं तबक – तो समुद्र. दुसऱ्या टोकाला तिचं पोकळ पठार. मध्ये वातीचा धूर – तो वारा. उन्हाळ्यात जमीन तापते, म्हणून पायथ्याच्या मैदानाखाली त्यानं दिवा ठेवलेला. पण धूर आपला पायथ्याशी जाऊन पेंगायचा.

"तुमचा वारा आळशी आहे."

"तुमच्या पठाराला तो जुमानत नाही, त्याला मी काय करू?"

"माझ्या पठाराला नावं ठेवायची नाहीत हं! ते ओलं असताना त्याच्या अंगावर पडलेला माणूस आहात तुम्ही."

तो हसायचा... आणि हसताना तिच्या हातांकडे बघायचा. मग ते हात कुठे ठेवावेत, हेच तिला कळेनासं व्हायचं. घरीही जीव थाऱ्यावर नसायचा. आई म्हणायची, "अगं, पायाला भिंगरी लागलीय का? बस की एका जागी!"

एका दुपारी पठाराचा टवका उडाला. तिनं तो बुजवला आणि लवकर वाळावा म्हणून मैदानाखालचा दिवा काढून पठाराच्या पोटात सरकवला. तबकाजवळची वात अजून धुमसत होती. बघते तर – धूर जागा झाला! सरसर उतार चढला, माथ्यावरून उंच गेला, आणि मागचा धूरही त्याच्यामागे ओढला गेला.

म्हणजे पठार नुसतं वाऱ्याची वाट अडवत नाही, त्याला बोलावतंही. एवढ्या उंचावर ते उन्हानं तापतं, तिथली हवा वर जाते, आणि तिच्या जागी समुद्रावरची ओली हवा धावत येते. उतार चढता चढता गार होते आणि बरसते.

तिनं घाईनं दिवा विझवला.

सांगितलं तर तो जाणार. नाही सांगितलं तर रोज त्याच जिन्यावरून खाली येत राहणार. कुणाला कळलं असतं? दोन दिवस ती त्याच्याशी धड बोललीही नाही. वस्तू उचलायची, तिथंच ठेवायची, पुन्हा उचलायची.

साहेब बघायला यायच्या सकाळी तो पेटीसमोर उकिडवा बसला होता. चेहरा पार उतरलेला.

"माझ्या नशिबी फायलीच," तो पुटपुटला.

तिला ते बघवेना.

"दिव्याची जागा चुकली," ती म्हणाली. "पठारात ठेवा."

साहेबांसमोर धूर असा चढला की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या महिन्यात निघ!"

सगळे गेले, तो मात्र थांबला. ती तबकातलं पाणी ओतायला लागली, ते निम्मं तिच्याच पायांवर सांडलं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"परवा."

"मग परवाच का नाही सांगितलंत?"

ती रिकामं तबक पुसत राहिली.

"बोला ना..."

"तुम्ही जाल म्हणून! सगळं तोंडानं वदवूनच घ्यायचं असतं का?"

तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हीही पठारासारख्या नुसत्या अडवता. म्हणून मी आपला पायथ्याशीच..."

"पेंगत होतात."

"हो." त्याचे कान लाल झाले. "तिथं थंडी फार आहे म्हणे. पण दोघांपुरतं घर मिळतं. आणि उतारांचे नमुने करायला कुणीतरी लागेलच... याल?"

खिडकीची तावदानं वाऱ्यानं थडथडत होती. तिच्या छातीतही तसंच काहीतरी चाललं होतं.

"रविवारी आई घरी असते," ती म्हणाली. "तिला विचारा. आणि –"

"आणि काय?"

"सकाळीच या. दुपारपर्यंत वाट बघणं मला जमायचं नाही."