यादीतला बाविसावा निबंध

"डॉक्टर, गॅस्ट्रोक्नेमियसमधला एन खाल्लात तुम्ही."

काउंटरपलीकडच्या तरुणानं चमकून वर पाहिलं. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ, टायपिंगच्या एवढ्याशा दुकानात आपली चूक पकडली जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. मुंबईतला नेहमीचा टायपिस्ट आजारी, निबंध सोमवारी पाठवायचा, म्हणून खांदा कॉलनीतल्या घरून निघून दिसेल त्या दुकानात तो शिरला होता.

"तुम्ही... मेडिकलला होता?"

"छे हो! पोटरीचा स्नायू ना? आमच्या अवधूतच्या कागदांवर दर वेळी असतो." टाइपरायटरवरची अनुयाची बोटं थांबली नव्हती. "धाकटा भाऊ माझा. तेरा वर्षांचा आहे. दहाव्या वर्षी चालायचा थांबला."

डॉ. चारुदत्त मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मेंदूच्या आणि स्नायूंच्या आजारांवर संशोधन करत होता. तिशीच्या आतच त्याचे सतरा निबंध छापून आले होते. त्यानं तिच्याकडे असं काही टक लावून पाहिलं, की अनुयाच्या बोटाखाली एकदम दोन अक्षरं उमटली.

मग तो दर शनिवारी येऊ लागला.

"इतकं घाणेरडं अक्षर मुद्दाम काढता का?"

"हो. नाहीतर तुम्ही मला थांबवून का घ्याल?"

ती हसू दाबायची आणि पुढची ओळ चुकायची.

एका रविवारी तो अनुयाच्या घरी आला. अवधूतच्या पायाला हात लावण्याआधी त्यानं त्याला कालच्या मॅचचा स्कोअर विचारला. असं करणारा हा पहिलाच डॉक्टर. पुढे त्यानं अवधूतला इस्पितळात नेलं, मांडीतल्या स्नायूचा बारीक तुकडा तपासायला काढला. त्याच्या आईचं, म्हणजे सुमतीबाईंचं, आणि अनुयाचंही रक्त घेतलं. परवानगीच्या कागदावर सह्या झाल्या. अनुयाच्या दंडावरचा कापूस त्यानं अंगठ्यानं दाबून धरला होता... रक्त केव्हाच थांबलं होतं, तरी.

डिसेंबरात, वडाळे तलावाच्या कडेनं चालता चालता तो म्हणाला, "इंग्लंडची फेलोशिप मिळाली तर एकटा नाही जाणार मी."

"मग? तुमचं अक्षर तिथे कोण वाचणार?"

"तेच तर म्हणतोय..."

तिला पाण्याकडेच बघत राहावं लागलं. मान वळवली असती तर सगळं चेहऱ्यावर दिसलं असतं.

जानेवारीत तो आला नाही. फेब्रुवारीतही नाही. फोनवर घाईत एकच उत्तर : काम आहे. मार्चमध्ये आला तेव्हा हातात फेलोशिपचा अर्ज होता. "निबंधांची यादी टाइप करून ठेव. संध्याकाळी नेतो," एवढं बोलून तो वळलाही.

तरी अनुयाला आनंदच झाला. इंग्लंड! तिनं कार्बन लावला आणि त्याचे निबंध एकेक करून उतरवू लागली. एकवीस झाले. बाविसावा अजून छापून यायचा होता, म्हणून त्याच्यासोबत इंग्रजी गोषवारा जोडलेला होता. पनवेलमधलं एक कुटुंब. मुलगा, वय तेरा. आई. बहीण, वय तेवीस, अविवाहित, रक्तात स्नायूंतल्या एन्झाइमचं प्रमाण वाढलेलं, आजाराची वाहक. तिला स्वतःला त्रास नाही. होणाऱ्या मुलग्यांपैकी निम्म्यांना हा आजार होण्याचा संभव.

तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग टाइप केलं.

संध्याकाळी तो आला. तिनं कागद पुढे सरकवले. "केव्हा कळलं तुम्हाला?"

त्यानं कागद उचलून चाळायला घेतले.

"डॉक्टर..."

"जानेवारीत. अनुया, मी सांगणार होतो... कसं सांगू ते सुचेना."

"इंग्रजीत बरं सुचलं."

"नावं कुठेच नाहीत. परवानगीवर तुझी सही आहे."

"रक्त द्यायला सही केली होती. दोन महिने अंधारात राहायला नाही."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझ्या आईला मी सांगितलं. ती म्हणाली, मुलंबाळं..."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात?"

बाहेर उरणची गाडी लागल्याचा पुकारा झाला. चारुदत्तनं कागद पिशवीत भरले.

"रोज बघतो गं मी ही मुलं," तो अखेर म्हणाला. "स्वतःच्या घरात... माझी हिंमत नाही होत. पण माझं प्रेम खोटं नव्हतं."

"माहितीय मला. खोटं असतं तर तुम्हाला शिव्या देऊन मोकळी झाले असते."

तो गेला. दुकान बंद करून ती घरी आली तेव्हा अवधूत खिडकीपाशी खुर्चीत बसला होता.

"ताई, डॉक्टरदादा कधी येणार?"

"नाही येणार आता."

त्यानं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "माझ्यामुळे?"

अनुया त्याच्यासमोर खाली बसली. त्याचे थंडगार पाय तिनं दोन्ही हातांत घेतले.

"नाही रे राजा," ती म्हणाली. "त्यांना लांब जायचं होतं."