मागच्या गेटचा सेट

खराडीतल्या आयटी पार्कच्या सिक्युरिटी केबिनमध्ये शालनच्या टेबलावर सकाळपासून दोन वॉकीटॉकी चालू होते. एकात नवी लिथियमची बॅटरी, हलकीफुलकी, अर्धी संपली तरी खुशाल चार्जिंगला लावा. दुसऱ्यात जुनी निकेल-कॅडमियमची, विटेसारखी जड. कोणती जास्त टिकते ते संध्याकाळी सांगा, जुनी हरली की जुने सेट भंगारात, असं नव्या सुपरवायझरने, दिग्विजयने, बजावलं होतं. जुनी हरणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण तो सेट शालनच्या नवऱ्याचा, धोंडिबाचा. मागच्या गेटवर तो दिवसभर त्याच्याच हातात असायचा. धोंडिबा गेला, पाठोपाठ ते गेटही विटा रचून बंद झालं. एवढा एक सेट तरी भंगारात जाऊ नये, असं तिला फार वाटत होतं.

दुपारी नेहमीप्रमाणे तिने सेटवरून हजेरी घेतली. समोरचं गेट ओके. पार्किंग ओके. आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "मागचं गेट?" स्वतःच्या वेंधळेपणाचं तिला हसू आलं.

जुना सेट खरखरला. कुणीतरी खोकलं. बोलण्याआधी धोंडिबा असाच खोकायचा.

"मागचं गेट ओके. जेवलीस का?"

शालनला भीती वाटली नाही. डोळे मात्र भरून आले.

तेवढ्यात नव्या सेटवर पार्किंगमधून दिग्विजय बोलला. "शालनबाई, मागच्या गेटवर कुणाला बसवलंय तुम्ही? तिथं तर भिंत आहे."

तिने नवा सेट बंद केला आणि जुना तोंडाशी धरला.

"जेवले. अहो, तुमच्या सेटचा दिवा लाल झालाय. लावते चार्जिंगला."

"नको. ही बॅटरी अर्धवट लावायची नसते, किती वेळा सांगितलंय तुला? खोड लागते तिला. पार संपू द्यायची."

हे तर रोजचंच रागावणं. ते ऐकायला ती किती आसुसली होती.

"मग किती राहिलीय?"

"थोडीच," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "तू येईपर्यंत पुरेल."

शालनने चार्जर बाजूला सरकवला. मग मुलीला, सोनालीला, फोन लावला. संध्याकाळी घरी ये, भरलं वांगं करते, म्हणाली.

"आई, आज मीटिंग आहे गं. उद्या कर ना."

"उद्या नको," शालन म्हणाली. "आजच ये."