उपम्यात सापडलेलं भरण

ऋताच्या दाढेतलं भरण (किडीच्या खड्ड्यात भरलेला मसाला) दुसऱ्यांदा पडलं, ते उपम्यात सापडलं. आईला आधी खडाच वाटला.

"उपम्यात!" दातांची डॉक्टर असलेल्या आत्याने कपाळाला हात लावला. "इतका मऊ पदार्थ! आणि पहिलं कशात गेलं होतं?"

"आंबावडीत."

"ऋता, ही दुधाची दाढ नाही, कायमची आहे. आता भरण टिकलं नाही तर काढावी लागेल. मग दुसरी येत नाही."

ऋता गप्प झाली. ही दुर्मीळ घटना असल्यामुळे आत्या जरा वरमली.

आत्याच्या चिपळूणच्या दवाखान्यात विनय नावाचा यंत्रमानव मदतनीस होता. कापूस देणं आणि निळा दिवा धरणं ही त्याची कामं. शिवाय 'रुग्णाशी आपुलकीने बोलत राहावे' असं प्रशिक्षणात शिकवलेलं, त्यामुळे तो बोलत राही.

"आत्या, आजीसारखं चांदीचं भर ना," दवाखान्याच्या खुर्चीत बसत ऋता म्हणाली. " तिचं कधीच पडलं नाही."

"त्या चांदीत पारा असायचा. त्याची वाफ रोज तो हाताळणाऱ्यांना वाईट, आणि सांडपाण्यातून नदीत गेला की माशांना वाईट. म्हणून आता ही राळ (काचेची बारीक पूड घातलेलं चिकट प्लास्टिक). दाढेला आम्ल लावलं की सूक्ष्म खाचा पडतात. राळ त्यांत शिरते. निळा प्रकाश पडला की तिचे सुटे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) हात धरून साखळ्या करतात आणि ती कडक होते. पडायचं काही कारणच नाही!" असं म्हणून आत्याने राळेच्या नळीकडे रागाने पाहिलं.

काम सुरू झालं. ऋताने आ केला.

"यंदा गणपतीला कुठे जाणार?" विनयने विचारलं.

"हुहाहहला," ऋता म्हणाली. तिला गुहागरला म्हणायचं होतं. विचारलं की उत्तर द्यायचं, हे घरचं वळण.

"वा! आणि शाळा कशी चालली आहे?"

"हांहली."

डोक्यावरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत ऋताला आपली दाढ दिसत होती. 'हांहली' म्हणताना जीभ उडाली, कापूस सरकला आणि कोरडी दाढ लाळेने चमकली. ऋताने झटकन हात वर केला, तसा आत्याने कापूस बाहेर काढला.

"आत्या, ओल्या बाटलीवर स्टिकर चिकटतो?"

"नाही. का गं?"

"मग माझी दाढ ओली झालीय. विनय विचारतो, मी उत्तर देते."

आत्या विनयकडे बघतच राहिली. खाचा लाळेने भरल्यावर राळ शिरणार कुठे? "अरे, हे तुला शिकवलं कोणी?"

"धडा चौथा, डॉक्टर. चांदीच्या काळातला आहे."

"चांदी थोडा ओलावा खपवून घ्यायची रे! सामान नवं आणलं आणि धडा जुनाच ठेवला. धन्य आहे! आता नवा धडा घे. राळ कडक होईपर्यंत प्रश्न बंद."

"हवामानाबद्दलही नाही?"

"नाही!"

आत्याने दाढेला पुन्हा आम्ल लावलं, ती धुतली, सुकवली. नवा कापूस ठेवला, राळ भरली. विनयने निळा दिवा धरला. कोणी चकार शब्द काढला नाही.

"दुखत नाही ना गं, राजा?" आत्याने विचारलं.

विनयला ओठ नव्हते. म्हणून त्याने मोकळ्या हाताचं बोट आत्याच्याच मास्कवर ठेवलं. "डॉक्टर, नवा धडा."

दिवाळीपर्यंत तो धडा कितीतरी दवाखान्यांतल्या मदतनीसांपर्यंत, माणसांपर्यंत आणि यंत्रांपर्यंतही, पोचला होता. ऋताने आत्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं तेही दिवाळीतच. त्याच दाढेखाली चकली कडकडा फोडून ती म्हणाली, "नाही दुखत!"