चाळलेली वाळू

माझ्या गुलाबाच्या कलमांमध्ये एक तरुण चक्क गुडघे टेकून बसला होता, आणि काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ते उन्हात धरून बघत होता.

"रोपं विकत घ्यायची असतात, त्यांच्यावर बसायचं नसतं," मी म्हणाले.

तो धडपडत उठला. धरणाच्या तपासणीला आलेला इंजिनिअर आहे, असं त्याने सांगितलं, आणि सांगता सांगता ग्लासातलं सगळं पाणी स्वतःच्याच बुटात ओतलं. पहिल्याच भेटीत इतका वेंधळेपणा... मला तो तिथेच आवडला. अर्थात, मी तसं दाखवलं नाही.

आमची रोपवाटिका मातीच्या एका छोट्या धरणाच्या अगदी पायथ्याशी होती. वर तळं, मध्ये गवताने झाकलेला मातीचा बांध, आणि खाली आम्ही दोघं – मी आणि बाबा. बांधाच्या पायथ्याशी बारमाही पाझर होता. आई असल्यापासून आमची कलमं त्याच पाण्यावर पोसलेली, त्यामुळे आमच्या लेखी तो झराच. इंजिनिअरने मात्र समजावलं की मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरणारच. ते नितळ आहे तोवर काळजी नाही. गढूळ झालं, तर पाणी बांधाच्या पोटातली माती घेऊन बाहेर पडतंय असं समजायचं. मग आत पोकळी होते, आणि एक दिवस बांधच खचतो. म्हणून तो दर आठवड्याला पाणी बघायला येणार होता.

"दर आठवड्याला?" मी विचारलं.

"नियमच आहे तसा."

नियम महिन्यातून एकदाचा होता, हे मला त्याच्या ड्रायव्हरने सांगितलं. मी ते पोटातच ठेवलं. तो आला की पाण्याकडे थोडा वेळ बघायचा आणि माझ्याकडे... जरा जास्त. मी त्याच्या हातात खुरपं द्यायची. बिचारा निमूटपणे तण काढायचा, आणि तणाबरोबर माझी रोपंही.

बाबांचाही त्याच्यावर जीव जडला. पाझर जरा वाढलाय, असं तो एकदा काळजीने म्हणाला, तेव्हापासून बाबांच्या डोक्यात किडा वळवळत होता. वरचे साहेब पाहणीला येणार होते. पोराच्या डोक्याचा ताप आपणच मिटवावा म्हणून बाबांनी सिमेंट कालवलं आणि मी बाजारात गेले असताना पाझराचं तोंड लिंपून टाकलं. संध्याकाळी मला दाखवून म्हणाले, बघ, थेंब नाही. मलाही ते बरंच वाटलं.

सकाळी कलमांच्या वाफ्यातून पाणी उसळत होतं, आधीच्या पाझरापासून चांगलं लांब. रंग चहासारखा.

मी त्याला फोन केला. बाबांना घेऊन ताबडतोब वरच्या रस्त्यावर जा, एवढंच तो म्हणाला. तो आला तोवर त्याच्या माणसांनी तळ्याचं दार उघडून पाणी कालव्यात सोडलं होतं आणि ओढ्याकाठच्या घरांना सावध केलं होतं. आता त्याला स्वच्छ वाळू आणि खडी हवी होती, तीही लगेच. ट्रक यायला वेळ लागणार होता.

"वाळू आहे," मी म्हणाले. "कलमं रुजवायला मी स्वतः चाळून ठेवलीय. ढीगभर."

"कुठे आहे ते सांगा. तुम्ही खाली यायचं नाही."

"चाळलेली कुठली आणि न चाळलेली कुठली, ते तुम्हाला कळणारे? गुलाब आणि गवतातला फरक अजून कळत नाही तुम्हाला."

त्या परिस्थितीतही तो हसला, आणि मी खाली गेले.

आधी त्याने पहारीने बाबांचं सिमेंट फोडलं. पाणी अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची. अडवायची ती फक्त माती, असं तो हात चालवता चालवता सांगत होता. उसळत्या पाण्यावर माझी वाळू, मग ट्रक आल्यावर वाळूवर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड. त्या वाफ्यातली माझी सगळी कलमं त्याखाली गेली. आम्ही घमेली उचलत राहिलो, आणि दुपार कलली तेव्हा दगडांमधून पाणी निवांत वाहायला लागलं... नितळ. मला रडू आलं. खालच्या घरांतली माणसं, बाबा, तो – सगळे सुखरूप होते, आणि मी कुणाचे आभार मानावेत तेच मला सुचत नव्हतं.

बाबा रस्त्याच्या कडेला मान खाली घालून बसले होते. तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठीच केलंत ना?" तो म्हणाला. "पुढच्या वेळी माझ्यासाठी काही करावंसं वाटलं, तर सरळ जेवायला घाला."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पुढे तो हक्काने जेवायला येऊ लागला.

मग एकदा तो आला आणि जेवायला बसेचना. दारातच उभा. धरण टिकवायचं तर पायथा कायम मोकळा आणि डोळ्यांसमोर राहायला हवा, असं म्हणाला. रोपवाटिका हलवावी लागणार. तसा अहवाल त्यानेच दिला होता.

आईच्या हातचे वाफे होते ते. माझा संताप झाला. दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचं होतंत, मी म्हणाले.

"दुसऱ्याने कदाचित चालवून घेतलं असतं. तुम्ही पुन्हा माझं तोंड बघणार नाही, हे ठाऊक होतं मला. पण तुम्ही इथे बांधाखाली झोपता, आणि तिकडे मला झोप लागत नाही. माझं प्रेम आहे तुमच्यावर... आता हाकलून दिलंत तरी चालेल."

मला हरवून बसण्याची तयारी ठेवून या माणसाने मला वाचवलं होतं. राग कुठल्या कुठे गेला, आणि मनात नुसती कृतज्ञता भरून आली.

"नवी जागा धरणापासून किती लांब हवी?" मी विचारलं.

"पाणी पोचणार नाही इतकी."

"आणि तुमच्या घरापासून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "लांब... कशाला हवी?"

मी त्याचा हात हातात घेतला. बाबांनी आतून विचारलं, कुठली रोपं आधी हलवायची? आईची आधी, मी म्हणाले, आणि त्याला घेऊन वाफ्यांकडे गेले.