अर्धी ट्राम, अर्धं घर

“अहो, दोरीच्या आत कुठे शिरताय? पाटी दिसत नाही का?”

माझ्या ओरडण्यानं ट्रामच्या पायरीवरचा तो माणूस गर्रकन वळला.

“दिसतं की. चष्म्याचं दुकान आहे माझं,” तो ओशाळून हसला. “पण राहवलं नाही... मी इथेच जन्मलोय.”

“चालत्या ट्राममध्ये?”

“छे! तोवर ती कधीच थांबली होती.”

संग्रहालयातली ही जुनी ट्राम लोकांसाठी सजवायचं काम माझ्याकडे होतं. तिचा इतिहास मला तोंडपाठ होता. आधी तिला घोडे ओढायचे, मग डोक्यावर विजेची तार आली. गिरणीपासून बंदरापर्यंत तिनं दोन पिढ्या वाहिल्या. बस आल्या आणि तिला भंगारात काढलं. त्यापुढे मात्र मला एवढंच ठाऊक होतं — ‘नंतर काही काळ खाजगी वापरात.’

“तो खाजगी वापर म्हणजे आम्ही!” चष्मेवाला म्हणाला.

त्याच्या आजोबांनी बिनचाकांचा तो डबा विकत घेऊन माळावर ठेवला होता. पुढे स्वयंपाक, मागे झोपणं, मधल्या बाकांवर अभ्यास. धूर बाहेर जावा म्हणून आजोबांनी डाव्या बाजूला करवतीनं एक खिडकी कापली होती.

“मग रोज गावाला निघाल्यासारखं वाटत असेल...”

“वाटायचं ना. गाव तेवढं यायचं नाही.”

दुकानाला सुट्टी असली की तो येऊ लागला. मी दारातला पितळी दांडा घासायचे, तो लहानपणीचे किस्से सांगत दुसऱ्या टोकाकडून पुसत यायचा.

“बघा, किती लखलखीत झालाय,” मी एकदा म्हणाले. “तोंड दिसतंय.”

“म्हणून तर मघापासून बघतोय...”

दांड्यात माझंच तोंड होतं. मी मान वर केली नाही. पण हात — त्याच्या हाताला टेकलेला हातही काढून घेतला नाही.

आणि मग सुतार आले, ती खिडकी बुजवायला.

“हे कुणी ठरवलं?” त्यानं विचारलं.

“मीच. ट्राम धावत होती तशी दाखवायचीय.”

“आणि आम्ही? आम्ही काय डाग होतो तिच्यावर?”

आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. तसाच निघून गेला. पुढच्या सुट्टीला आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. माझा जीव थाऱ्यावर राहिना. शेवटी मीच दुकान गाठलं. तो बाहेर गेला होता. गल्ल्यावर त्याची आई होती.

“तूच का गं ती ट्रामवाली?” तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं. “बस. अगं, सासरे खिडकी कापायला लागले, तर सासूबाई करवत धरून बसल्या! म्हणाल्या, ट्राम बिघडवू नका, उद्या परत न्यायला आले तर काय तोंड दाखवू?”

मी खो खो हसले. हसता हसता डोळे कधी भरले, कळलंच नाही.

“आले की नाही बघ परत न्यायला,” ती हळूच म्हणाली. “पण सगळं पुसू नका गं, बाई.”

मी तडक संग्रहालयात आले. सुतारांचं काम थांबवलं आणि आमच्या मोठ्या मॅडमशी चक्क भांडले. त्या तापल्या... आणि शेवटी तयार झाल्या. उजवी बाजू ट्रामची, डावी घराची. खिडकी राहिली.

मी बोलावणं धाडलं, आणि उद्घाटनाला तो आईला घेऊन आला. आई थेट खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि बघायला आलेल्यांना एकेक गोष्ट सांगू लागली. आम्ही दोघं ट्रामच्या मागच्या पायरीवर उभे होतो.

“मी उगाच तोंड फिरवून गेलो,” तो पुटपुटला.

“तुम्ही—”

“तू म्हण. ऐक... मला तुझ्याशी लग्न करायचंय. आत्ताच्या आत्ता उत्तर नको. नीट विचार कर.”

आत कुणीतरी मोठ्यानं हसलं. आईचा किस्सा रंगात आला होता. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि तो माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

“केला विचार,” मी म्हणाले. “हो.”