कासवाने लावलेलं दार

आधी ते मोबाइल खिशात घाला बघू सगळ्यांनी. आणि तू गं, पायरीवर नीट टेकून बस. मध्येच किंचाळलीस तर गोष्ट तिथल्या तिथे बंद, सांगून ठेवतो. ही कुठे वाचलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो आपला लहानपणापासूनचा दोस्त, घड्याळं दुरुस्त करतो. सगळे त्याला टिकटिक म्हणतात आणि तोही बिनतक्रार ओ देतो.

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. टिकटिकची मोठी बहीण नर्स आहे. तिला त्या दिवशी अचानक रात्रपाळी लागली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, घरात एक मांजर काय ती. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, नाव कापशी. या कापशीला फिट यायची. रोज रात्री नऊच्या सुमारास गोळी द्यायची म्हणजे द्यायचीच. मागच्या फिटमध्ये ती मरता मरता वाचली होती, आणि जनावरांच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, आता पुन्हा आली तर हिची आशा सोडा.

"माझं आता तेवढंच उरलंय रे," ताई फोनवर म्हणाली. "गोळी फ्रिजवरच्या डबीत आहे, खाण्यात चुरून दे. आणि हे बघ, मागच्या खोलीच्या दाराला पाचर लावलीय, ती काढू नकोस. ते कासव आतून दार लोटून घेतं. आतली मूठ तुटलीय, एकदा लागलं की बाहेरूनच उघडतं."

"अगं, मग मूठ बसवून घे ना!"

"घेईन रे. त्या दाराला हात लावायला नको वाटतं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

कासव म्हणजे ते फरशी झाडणारं यंत्र. थाळीएवढं, गोल, चाकांवर घरभर आपलं आपलं फिरतं. मध्ये काही आलं की बाईच्या आवाजात बोलतंसुद्धा. ताईने ते घेतलं होतं केसांसाठी, कारण तेव्हा कापशीच्या जोडीला कुत्राही होता. करड्या तपकिरी रंगाचा, दांडगा. नाव हवालदार. कापशी त्याच्या पोटाशी झोपायची. टिकटिकशी मात्र त्याचं उभं वैर! दारात दिसला रे दिसला की गुरगुर. हा बिचारा दर वेळी भिंतीला चिकटून आत शिरायचा. मे महिन्यात हवालदार गेला. ताई म्हणाली, म्हातारा झाला होता, हार्ट. टिकटिकने वरवर हळहळ केली आणि मनात म्हणाला, सुटलो.

तर टिकटिक वेळेत पोहोचला. कुलूप काढलं, फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला. कापशीने एकदा बघितलं आणि शेपूट उडवून पाठ फिरवली. आता सरळ गोळी द्यायची की नाही? पण मागच्या खोलीतून आवाज आला.

"मी अडकले आहे. कृपया चाक मोकळं करा."

पुन्हा तेच. पुन्हा तेच. बंद पडलेली वस्तू दिसली की या माणसाचे हात शिवशिवायला लागतात. दोन मिनिटांचं काम, म्हणून गेला आत. दिव्याखाली फरशीवर बसला, पाठ उघड्या दाराला टेकली, तर ती पाचर नेमकी मांडीला बोचायला लागली. याने ती उपटली आणि बाजूला टाकली. अरे, नुकतंच सांगितलं होतं ना! पण काम हातात आलं की याला बायकोचं नाव आठवत नाही, तिथे पाचर काय आठवणार?

खिशातला चिमटा काढला. कासव उलटं केलं. चाकात केसांचा गुंता. आखूड, राठ, तपकिरी केस. त्याने ओढून काढले, असतील जुने म्हणून खिडकीपाशी टाकायला गेला. तेवढ्यात कापशीही आत येऊन पायात घुटमळायला लागली.

आणि मग त्याला त्याच्या धंद्यातली सवय नडली. दुरुस्त केलेलं घड्याळ चालवून बघितल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. कासव सुलटं ठेवलं आणि बटण दाबलं.

कासव भिंतीच्या कडेने निघालं, कोपऱ्यात वळलं, उघड्या दाराच्या मागे शिरलं आणि ढकलत राहिलं. दार सरकलं. टिकटिक धावला.

खट्.

दार लागलं.

आधी त्याला हसूच आलं. मग मुठीच्या जागी हात गेला. नुसतं भोक. त्यात चिमटा घालून फिरवला तर चिमट्याचं टोक तुटून पडलं. खांदा मारून बघितला, दार जुन्या काळचं, भरीव. खिडकीला जाळी, पलीकडे नळांचा अंधारा बोळ. त्याने हाका मारल्या. खालच्या मजल्यावर दुरुस्तीचं बांधकाम चालू, तिथे कुणी राहत नव्हतं. फोन बाहेर, गोळी बाहेर, ताई सकाळी येणार. मनगटावरच्या घड्याळात नऊ कधीच होऊन गेले होते.

"काय गाढवपणा केला मी," तो मोठ्याने म्हणाला. कापशी त्याच्याकडे बघत होती आणि तिचा डावा कान उडायला लागला होता. फिट येण्याआधी तिचं असंच व्हायचं.

त्याने पुन्हा दार धरलं. खालून काही सापडतं का बघावं म्हणून गुडघ्यावर बसला. आणि तेव्हा त्याला दिसलं.

दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते. खालपासून कमरेपर्यंत. खोल. लाकडाचे सलपे निघालेले. मुठीच्या भोकाभोवती दातांच्या खुणा...

मूठ तुटली नव्हती. चावून काढली होती.

आता त्याला कळलं, हवालदार कसा गेला ते. ताई कामावर गेलेली. कासवाने दार लोटलं. मे महिन्यातली दुपार, बंद खोली, म्हातारं जनावर. संध्याकाळी ताईने बाहेरून दार उघडलं असेल तेव्हा... म्हणून ती पाचर. म्हणून त्या दाराला हात लावायला नको वाटायचं.

कापशीला छातीशी धरून तो पलीकडच्या भिंतीला टेकून बसला. ती थरथरत होती. कासव आपलं फिरतच होतं.

मग ते थांबलं.

खोलीच्या मधोमध. समोर काही नाही. मोकळी फरशी.

"समोर पाळीव प्राणी आहे. कृपया बाजूला घ्या."

टिकटिकने कापशीकडे बघितलं. कापशी तर त्याच्या कुशीत.

दिवा चालू होता, पोरांनो. लख्ख. तेच तर वाईट. अंधार असता तर म्हणता आलं असतं, दिसलं नाही.

कासव मागे सरलं. वळलं. हातभर पुढे आलं. थांबलं.

"समोर पाळीव प्राणी आहे."

अजून जवळ.

"समोर पाळीव प्राणी आहे."

त्याच्या पायांपासून वीतभर. मध्ये काही नव्हतं. पण त्याच्या घोट्यावर ऊन श्वास आला. एकदा... परत एकदा...

"हवालदार?"

नुसते ओठ हलले.

कापशीने मान वर केली. त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. आणि तिचं अंग ताठ झालं. डोळे फिरले. पाय झाडायला लागली. आली फिट.

"अरे, मरतेय ती!" आता मात्र टिकटिक ओरडला. भीतीने नव्हे हं, रडत ओरडला. "मला काय करायचं ते कर! चाव मला! पण हिला बाहेर काढ रे... हिला काढ!"

काहीच नाही.

मग कासव वळलं. आता ते दाराकडे निघालं. थांबत. निघत. थांबत. जणू पुढे कुणीतरी चाललंय. दाराशी पोहोचलं.

"समोर..."

बॅटरी संपली. कासवाच्या पाठीवरचा लाल दिवा विझला.

शांतता.

आणि मग बाहेरून... दाराच्या बाहेरून... नखं. फरशीवर. टक टक टक. धप्प. दारावर काहीतरी जड पडलं. खालची फट काळी झाली. बाहेरची मूठ करकरली.

फिरता फिरता निसटली.

धप्प. पुन्हा करकरली.

खट्.

दार उघडलं.

बाहेर कुणी नाही. सगळं घर जसंच्या तसं. टिकटिक धावत सुटला, फ्रिजवरची डबी पाडली, गोळी पाण्यात विरघळवून बोटाने तिच्या ओठांच्या आत चोळत राहिला. बराच वेळ काही नाही. मग ती गिळायला लागली. पहाटे ताई आली तेव्हा हा स्वयंपाकघराच्या फरशीवर, मांडीवर कापशी, आणि ती मंद घुरघुरत होती.

त्याने सगळं सांगितलं. ताई दाराशी जाऊन बसली आणि ओक्साबोक्शी रडली. "मी त्याला कोंडलं रे," म्हणाली, "आणि त्याने..."



मूठ बसवायला तिने सुतार बोलावला. मूठ बसली. पण दार लागेना. चार बोटं उरली की थांबतं. सुताराने बिजागऱ्या बदलल्या, चौकट मापली, दार तासलं. कुठे काही अडत नाही, म्हणाला, आणि पैसे न घेता गेला. आजही तसंच आहे. कासव लोटतं, वारा लोटतो, माणसाने जोर लावला तरी चार बोटं ती चार बोटंच.

आणि त्या वेळी तळहाताला जे लागतं ना... ते लाकूड नसतं. मऊ असतं. ऊन असतं.

आणि जरासं... वर-खाली होत असतं.