बुडणारी मागूर

मासा पाण्यात बुडून मरेल, असं कुणी म्हटलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण सन २०७१मध्ये भंडाऱ्याजवळच्या एका मत्स्यकेंद्रात सावनीच्या डोळ्यांदेखत नेमकं तेच चाललं होतं.

टाकीत गावतळ्यातल्या वंशाची शेवटची मागूर मादी होती. नर कालच तळ्यात सोडले होते, आज हिची पाळी. वाटेत पाणी हिंदकळू नये म्हणून सावनीनं बगळ्या या यंत्रमानवाकडून टाकी काठोकाठ भरून घेतली आणि झाकण घट्ट लावलं. रोहू मासे ती असेच नेत असे. मागूर मात्र झाकणाला धडका देत होती आणि मंदावत चालली होती.

"आबाजी, लवकर या!"

सावनीचे आजोबा शालिकराम मारबते मत्स्यशास्त्रज्ञ होते. ते धावत आले. "झाकण काढ! अर्धं पाणी सांड!"

"पाण्यात प्राणवायू भरपूर आहे," बगळ्या म्हणाला.

"तुह्या हिशेबानं असंल. तिले पुरत नाही."

पाणी उतरताच मागूर वर आली, हवेचा घोट घेतला आणि खाली गेली. आबाजी स्टूल ओढून बसले.

"तिचे कल्ले (पाण्यातला प्राणवायू घेणारे अवयव) लहान असतात. त्यांच्या वर झुडपासारखा फांद्याफांद्यांचा अवयव असते. तोंडानं घेतलेली हवा तिथं जाते अन् प्राणवायू रक्तात मिसळते. वर यायची वाटच बंद केली, तर गुदमरंल नाही तं काय?"

"शिंगी मासळीपण हवा घेते ना?"

"घेते. पण तिच्या पाठीत दोन लांब पिशव्या असतात. दोघीही मार्जारमीन (मिशांचे, बिनखवल्यांचे मासे), पण घडण वेगळी. म्हणून वर्गीकरणात (नात्यांनुसार लावलेल्या गटांत) त्यांची प्रजाती (जवळच्या जातींचा गट) वेगळी."

"आणि तळ्यातून आपण काढून टाकलेली ती परदेशी मागूर?"

"हिच्याच प्रजातीतली, फक्त जात वेगळी. चुलतबहीण म्हणून घरात घेतली, तं तिनं घरच खाल्लं, तळ्यातल्या मागुरी संपवल्या!" आबाजी हसले. "लहानपणी तळं आटलं का आम्ही चिखलात हात घालू, अन् मागूर लागे. बाबा तिले मडक्यात नेत, पाठ भिजंल एवढ्याच पाण्यात. लय आठवण येते पोरी त्या दिवसांची."

दुपारी तळ्याकाठी टाकी कलती करताना मागूर निसटून ओल्या चिखलात पडली. सावनी धावली, पण आबाजींनी तिचा हात धरला.

मागुरीनं छातीजवळच्या परांचे (पोहण्याच्या पंखांचे) काटे चिखलात रोवले, अंग वळवळवलं आणि ती पुढे सरकली. पुन्हा सरकली.

"आबाजी, ही तर केंद्रात जन्मली. हिला चालायला कुणी शिकवलं?"

मागूर पाण्यात शिरली. थोड्या वेळानं दूरवर एक मिशाळ तोंड वर आलं, हवा घेऊन गेलं.

"पाहा," आबाजी डोळे पुसत म्हणाले, "तळं पुन्हा श्वास घेऊन राहिलं."